आग कुणी लावली?

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस जळत होतं, तेव्हाची गोष्ट. फजरनंतर मोबाइल उघडला तर मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला होता. डोंगरउतारावरचे बंगले धडाधड पेटताहेत, आभाळ लाल झालंय, आणि खाली कुणीतरी लिहिलंय, "हा अल्लाहचा अजाब आहे. गाझातल्या लेकरांची हाय लागली." त्याच्या खाली आमीनची रांग. दुपारी शाळेतून परत आलो तर बीएडच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ, पण मजकूर वेगळा. "ही आग लागलेली नाही, लावलेली आहे. कुणी लावली असेल ते सांगायला नको." सांगायला नको म्हणजे काय, ते मलाही कळलं आणि बाकीच्यांनाही. त्या ग्रुपमध्ये मुसलमान मी एकटाच आहे.

दुसऱ्या मेसेजचा मला राग आला. पहिल्याचा आला नाही, हे इथे कबूल करतो. पहिल्याखाली मी अंगठासुद्धा दाखवला होता. मग दोन दिवसांनी वाचनात आलं की अल्टाडेना नावाच्या तिथल्या वस्तीतली मस्जिद अल-तकवाही त्याच आगीत जळून गेली. शेजारच्या पासाडेनातलं ज्यू लोकांचं प्रार्थनाघर गेलं, चर्च गेली. आता अजाब म्हणावा तर तो कुणावर? मी अंगठा काढून घेतला. पण मनातला प्रश्न काही गेला नाही. मोठी आग लागली की माणसाला उत्तराची एवढी घाई का होते? आणि खरं उत्तर शोधायचंच असेल, तर ते कसं शोधतात?

त्यासाठी दोन आगींच्या चौकशीची गोष्ट सांगतो. एक १६६६ ची, दुसरी २०१८ ची. मधे साडेतीनशे वर्षं आहेत, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तर बरंच काही उमगतं.

पुडिंग लेनची बेकरी

२ सप्टेंबर १६६६, रविवार. मध्यरात्र उलटून गेल्यावर लंडनच्या पुडिंग लेनमध्ये थॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली. फॅरिनर राजाच्या आरमाराला बिस्किटं पुरवायचा. घरचे लोक वरच्या मजल्यावरून शेजारच्या घरात उतरले आणि वाचले. घरातली मोलकरीण घाबरून मागे राहिली, ती गेली.

शहराचा लॉर्ड मेयर थॉमस ब्लडवर्थ रात्री येऊन पाहून गेला. ही आग म्हणजे काहीच नाही, अशा अर्थाचं एक अर्वाच्य वाक्य बोलून तो परत झोपायला गेला. त्या काळी आग थांबवायचा एकच खात्रीचा उपाय होता. वाऱ्याच्या दिशेची घरं पाडून मोकळा पट्टा करायचा. पण घरं पाडली तर मालकांना भरपाई कोण देणार, या विचारात त्याने वेळ घालवला. उन्हाळा कोरडा गेला होता, घरं लाकडाची आणि एकमेकींना चिकटलेली, नदीकाठच्या वखारींत तेल, डांबर, चरबी भरलेली, आणि पूर्वेकडून जोराचा वारा. चार दिवसांत १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळाली. सेंट पॉलचं मोठं चर्चही गेलं.

आग विझायच्या आतच लोकांना गुन्हेगार सापडला होता. इंग्लंडचं तेव्हा हॉलंडशी आणि फ्रान्सशी युद्ध चालू होतं. महिन्याभरापूर्वीच इंग्रजांच्या आरमाराने हॉलंडची शे-दीडशे व्यापारी जहाजं आणि एक अख्खं गाव जाळलं होतं. मनात धाकधूक होतीच, की आता त्याचा बदला घेतला जाणार. त्यामुळे जो परदेशी दिसेल, जो कॅथलिक वाटेल, त्याच्यावर जमाव तुटून पडायला लागला. मूरफील्ड्सच्या मैदानात एका फ्रेंच माणसाला लोकांनी जवळजवळ मारूनच टाकलं होतं. त्याच्या पेटीत आगीचे गोळे आहेत, अशी हूल उठली होती. पेटीत टेनिसचे चेंडू होते.

राजा दुसरा चार्ल्स स्वतः त्या मैदानात गेला आणि बेघर झालेल्या लोकांना म्हणाला की यात कुणाचा कट नाही, आग देवाकडून आली आहे. त्याने असं सांगितल्यामुळे काही परदेशी लोकांचे जीव वाचले असणार. पण लोकांचं समाधान काही झालं नाही.

मग रॉबर्ट ह्यूबर आला. रूआँ गावचा, घड्याळजीचा मुलगा, पंचविशी-सव्विशीचा फ्रेंच. तो देश सोडून जाण्याच्या बेतात असताना पकडला गेला आणि आग मीच लावली असं सांगू लागला. आधी म्हणाला, वेस्टमिन्स्टरला लावली. वेस्टमिन्स्टरपर्यंत आग पोचलीच नव्हती, हे त्याला कळल्यावर म्हणाला, पुडिंग लेनमध्ये लावली. साथीदार किती, तर आधी बरेच, मग एकच. शरीराने अधू आणि डोक्यानेही धड नसलेला हा माणूस. राजाचा मंत्री क्लॅरेंडन याने पुढे लिहून ठेवलं की न्यायाधीशांपैकी किंवा खटल्याला हजर असलेल्यांपैकी कुणालाच तो अपराधी वाटत नव्हता. तरी त्याचा कबुलीजबाब होता म्हणून त्याला दोषी ठरवलं. त्याच्यावरच्या आरोपपत्रावर सही करणाऱ्यांत फॅरिनर कुटुंबातले तिघे होते! ज्या बेकरीच्या भट्टीतून आग लागली, तिचाच मालक दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.

ऑक्टोबरच्या अखेरीस ह्यूबरला टायबर्नला फाशी दिलं. नंतर ज्या जहाजाने तो इंग्लंडला आला, त्याच्या कप्तानाने सांगितलं की आग लागली त्या दिवशी ह्यूबर लंडनमध्ये नव्हताच. त्याने किनाऱ्यावर पाय ठेवला, तेव्हा आग लागून दोन दिवस झाले होते.

माझ्या वर्गातलं घड्याळ

हे वाचताना मला माझा वर्ग आठवला. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ मधल्या सुट्टीनंतर फुटलेलं सापडलं. मी विचारलं, कुणी केलं? पाच-सहा मुलांनी एकदम एका मुलाचं नाव घेतलं. तो मुलगा मस्तीखोर, आधी दोनदा खिडकीची काच फोडलेली, अभ्यासात यथातथा. मला लगेच पटलं. शिक्षा काय द्यायची याचा विचार करत हजेरीपट उघडला, तर त्याच्या नावापुढे माझ्याच हातची गैरहजेरीची खूण. तो त्या दिवशी शाळेत आलाच नव्हता.

मुलं खोटारडी नव्हती. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. घड्याळ फुटलं आहे, म्हणजे कुणीतरी फोडलं आहे, म्हणजे त्यानेच. मग मी भिंत पाहिली. पावसाने ओल धरून गिलावा भुसभुशीत झाला होता आणि खिळा निसटून खाली पडला होता. तो खिळा हलतोय हे मी जूनमध्येच पाहिलं होतं. शिपायाला सांगू म्हणून राहून गेलं होतं. घड्याळ कुणी फोडलं, या प्रश्नाचं खरं उत्तर वर्गात उभ्या असलेल्या माणसांपैकी एकाकडे होतं, आणि तो मी होतो.

लंडनमध्येही हेच झालं. आग कुणी लावली या प्रश्नाला दोन उत्तरं तयार होती. एक म्हणजे देवाने, दुसरं म्हणजे परक्याने. दिसायला ही दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत, पण दोन्हींचा फायदा एकच. भट्टी नीट विझवली होती का, हे बेकरीवाल्याला कुणी खडसावून विचारत नाही. घरं वेळेवर का पाडली नाहीत, हे मेयरला कुणी विचारत नाही. राजाच्या मंत्रिमंडळाने चौकशी केली आणि देवाचा हात, मोठा वारा आणि कोरडा हंगाम यापलीकडे काही आढळत नाही असा निष्कर्ष काढला. वारा आणि कोरडा हंगाम हे खरंच होतं. पण वारा लंडनला नवा नव्हता.

आणि अफवा मेली नाही. आगीच्या आठवणीसाठी २०२ फूट उंच स्तंभ बांधला गेला. १६८१ मध्ये त्यावर ओळ कोरली गेली की हे सगळं कॅथलिकांच्या माथेफिरूपणातून झालं. कॅथलिक राजा गादीवर आला तेव्हा ती पुसली गेली, तो गेल्यावर १६८९ मध्ये पुन्हा कोरली गेली आणि कायमची निघाली ती १८३० मध्ये. म्हणजे दीडशे वर्षं शहरातली लहान मुलं दगडावर कोरलेला खोटा आरोप वाचत मोठी झाली. आपल्याकडे जे मेसेज फिरतात, ते दगडावर नसतात एवढंच.

पण लंडनने एक काम चांगलं केलं, तेही सांगितलं पाहिजे. जुन्या भाडेकरारांनुसार घर जळालं तरी ते बांधून द्यायची आणि भाडं भरत राहायची जबाबदारी भाडेकरूवर होती. हजारो माणसं त्यात बुडाली असती. १६६७ च्या सुरुवातीला पार्लमेंटने यासाठी खास आगीचं न्यायालय नेमलं. तिथले न्यायाधीश मालक आणि भाडेकरू दोघांना समोर बसवून, कुणाची ऐपत किती, कुणी किती सोसायचं, हे ठरवत गेले. नव्या घरांना विटांच्या भिंती सक्तीच्या झाल्या, रस्ते रुंद झाले. कटाच्या चौकशीतून शहराच्या हाती एक फाशी लागली. नुकसानीचा हिशेब शांतपणे मांडला, तेव्हा त्याच शहराला पुन्हा उभं राहता आलं.

पॅरडाइज नावाचं गाव

आता दुसरी आग. उत्तर कॅलिफोर्नियात ब्यूट काउंटीमध्ये पॅरडाइज नावाचं गाव आहे. पॅरडाइज म्हणजे जन्नत. डोंगराच्या सोंडेवर, दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, पाइनच्या झाडांत लपलेली घरं, वस्ती सव्वीस हजारांच्या आसपास. मोठ्या शहरात घर परवडत नाही म्हणून आलेले, निवृत्त झालेले, उतारवयातले बरेच लोक. खाली उतरायला मोजके रस्ते, त्यात मुख्य रस्ता एकच, स्कायवे नावाचा.

८ नोव्हेंबर २०१८, गुरुवार. त्या साली पावसाळा लांबला होता, गवत वाळून कोळ झालं होतं. सकाळी साडेसहाच्या सुमाराला गावापासून काही मैलांवर फेदर नदीच्या दरीत पल्गा या वस्तीजवळ विजेच्या टॉवरखाली आग दिसली. जोराचा वारा तिला गावाच्या दिशेने ढकलत होता. आठच्या सुमाराला ती पॅरडाइजमध्ये घुसली. सकाळी काळोख झाला. सगळं गाव एकदम रस्त्यावर आलं आणि स्कायवे मोटारींनी तुंबला. काही माणसं गाडीतच गेली, काही घरातून बाहेरच पडू शकली नाहीत. ८५ जण मेले, त्यातले बहुतेक पासष्टीच्या पुढचे. १८,८०० पेक्षा जास्त घरं-इमारती नष्ट झाल्या. हिला कॅम्प फायर म्हणतात, कारण ती कॅम्प क्रीक नावाच्या रस्त्याजवळ सुरू झाली.

अफवा इथेही आल्या. आगीच्या गोळ्यांची जागा आता लेझरने घेतली होती. आकाशातून किरण सोडून सरकारनेच गाव जाळलं, घरं जळाली आणि झाडं उभी कशी राहिली, असे व्हिडिओ जगभर फिरले. याचं उत्तर साधं आहे. अशा वाऱ्यात हजारो ठिणग्या उडून पन्हाळीतल्या सुक्या पानांवर, छपराखालच्या जाळीत, अंगणातल्या लाकडी ओट्यावर पडतात. घर आतून पेटतं आणि शेजारच्या घराला पेटवतं. ओलसर बुंध्याचं हिरवं झाड मात्र तगू शकतं.

पण या वेळी अफवेच्या शेजारी दुसरंही एक काम चालू होतं. राज्याच्या अग्निशमन खात्याचे तपासनीस आग जिथून सुरू झाली ती जागा शोधत मागे मागे गेले. जळलेल्या गवताचे, दगडांवरच्या काजळीचे ठसे आग कुठून कुठे गेली ते सांगतात. ते ठसे त्यांना एका टॉवरपाशी घेऊन गेले. टॉवरचा नंबर २७/२२२. लाइन कॅरिबू-पालेर्मो, एक लाख पंधरा हजार व्होल्टची. मालक पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक ही कंपनी. कंपनीच्याच यंत्रणेत सकाळी सव्वासहाला त्या लाइनवर बिघाड झाल्याची नोंद होती.

टॉवरवर काय झालं होतं? विजेची तार टॉवरच्या लोखंडाला लागू नये म्हणून ती इन्सुलेटरच्या माळेला टांगतात. ती माळ एका लोखंडी आकड्याला लटकलेली असते. लाइन १९२१ ची. शंभर वर्षांच्या आसपास वाऱ्यावर झुलत झुलत तो आकडा आपल्या भोकात घासत राहिला, झिजत राहिला आणि त्या सकाळी तुटला. माळ खाली आली, चालू तार टॉवरला लागली, ठिणगीचा लोळ उठला आणि वितळलेल्या धातूचे थेंब खालच्या सुक्या गवतावर पडले. सरकारी वकिलांच्या अहवालात त्या आकड्याची किंमतही आहे. १९१९ मध्ये तो ५६ सेंटला घेतला होता.

आकडा तुटला, पुढे?

इथे थांबता आलं असतं. जुना आकडा होता, तुटला, वारा होता, नशीब वाईट. लंडनच्या मंत्रिमंडळासारखं वारा आणि कोरडा हंगाम म्हणून फाइल बंद करता आली असती. ब्यूट काउंटीचे सरकारी वकील माइक रॅमसी यांनी ती बंद केली नाही. तुटलेला आकडा एफबीआयच्या प्रयोगशाळेत गेला. मार्च २०१९ मध्ये त्यांनी ग्रँड ज्युरी बसवली. ही सामान्य नागरिकांची समिती असते, ती बंद दाराआड साक्षी घेते. वर्षभर तिचं काम चाललं, शंभराच्या आसपास साक्षीदार झाले, कंपनीची जुनी कागदपत्रं ओढून काढली गेली.

त्यांचा प्रश्न साधा होता. हा आकडा झिजतोय हे कुणाला दिसायला हवं होतं? त्यासाठी टॉवरवर चढून पाहावं लागतं. निदान २००१ पासून त्या टॉवरवर चढून अशी बारकाईची तपासणी झालेली नव्हती. जमिनीवरून आणि हेलिकॉप्टरमधून नजर टाकून तपासणी झाल्याच्या नोंदी होत होत्या. लाइन कंपनीने १९३० मध्ये दुसऱ्या कंपनीकडून घेतली होती आणि तिचे कुठले भाग किती जुने आहेत, याचा धड हिशेबच नव्हता. याच लाइनवरचे पाच टॉवर डिसेंबर २०१२ च्या वादळात कोसळले होते. म्हणजे लाइन म्हातारी झाली आहे हे तिने स्वतःच ओरडून सांगितलं होतं. तरी मोडेपर्यंत चालवायचं आणि मोडलं की बदलायचं, हेच धोरण राहिलं. कॅम्प फायरनंतर ती लाइन कायमची बंद झाली. आगीच्या आधी जे जमत नव्हतं, ते नंतर जमलं.

गुन्हा सिद्ध करायला एवढं पुरेसं होतं. १६ जून २०२० रोजी कोर्टात कंपनीचे प्रमुख बिल जॉन्सन उभे राहिले. न्यायाधीश एकेका मृताचं नाव घेत, पडद्यावर त्या माणसाचा फोटो येई, आणि जॉन्सन कंपनीच्या वतीने म्हणत, दोषी. असं चौऱ्याऐंशी वेळा झालं. एका मृत्यूचं प्रकरण आरोपात धरलेलं नव्हतं, म्हणून ८५ ऐवजी ८४. जनावरांच्या चौकशीतही एवढं कुणी थांबत नाही, असं आपण म्हणतो ना, तिथे निदान प्रत्येक नावापाशी थांबले.

शिक्षा किती? सुमारे ३५ लाख डॉलर दंड. कायद्याने एका मृत्यूमागे जास्तीत जास्त दंड दहा हजार डॉलर होता. माणूस आरोपी असता तर तुरुंगवास नव्वद वर्षांपर्यंत गेला असता, असं तेव्हा सांगितलं गेलं. पण कंपनीला तुरुंगात कसं घालणार? आणि कंपनीतला एकही माणूस आरोपी झाला नाही. कारण निष्काळजीपणा अनेक दशकांत, अनेक टेबलांवर थोडा थोडा वाटला गेला होता. कुणी तपासणीचा खर्च कमी केला, कुणी यादी अर्धवट ठेवली, कुणी वरून नजर टाकून सही केली. एकाच्या अंगावर पूर्ण गुन्हा बसेल एवढा तो कुणा एकाचा नव्हता. लंडनमध्ये गुन्हा नसताना गुन्हेगार सापडला. इथे गुन्हा सिद्ध झाला, पण गुन्हेगाराला चेहरा नव्हता.

भरपाईचंही तसंच. कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिने लावलेल्या अनेक आगींतल्या पीडितांसाठी साडेतेरा अब्ज डॉलरचा निधी ठरला, पण त्यातला निम्मा कंपनीच्याच शेअर्समध्ये. म्हणजे ज्या कंपनीमुळे घर गेलं, तिचा भाव वाढावा अशी दुआ त्या लोकांनी करायची!

हीच कंपनी २०१० मध्ये सॅन ब्रुनो इथे गॅसची वाहिनी फुटून आठ माणसं गेली, त्या प्रकरणात २०१६ मध्ये दोषी ठरली होती. पॅरडाइज जळालं, तेव्हा ती त्याच शिक्षेच्या देखरेखीखाली होती. आणि २०२१ मध्ये त्याच फेदर नदीच्या दरीत तिच्या तारांवर झाड टेकून डिक्सी नावाची आग लागली, ती साडेनऊ लाख एकरांवर पसरली आणि ग्रीनव्हिल हे जुनं गाव संपलं. तपास झाला की सगळं सुधारतं, असं मी म्हणत नाही. पण तपास झाला नसता तर ग्रीनव्हिलच्या लोकांना आपलं गाव कुणामुळे गेलं तेही लेझरच्या व्हिडिओतच शोधावं लागलं असतं.

आणि सगळा भार कंपनीवर टाकूनही चालत नाही. स्कायवेचा गावातला भाग आगीच्या काही वर्षं आधी चार पदरांवरून दोन पदरांवर आणला गेला होता. बाजारपेठेत पायी फिरणं सोयीचं व्हावं म्हणून. धोक्याचा इशारा फोनवर मिळवण्यासाठी आधी नाव नोंदवावं लागायचं, ते अनेकांनी नोंदवलेलं नव्हतं. ज्यांनी नोंदवलं होतं, त्यांनाही सगळ्यांना इशारा मिळाला नाही. आग लावणारा आकडा कंपनीचा होता. पण माणसं अडकली, त्यात बाकीच्यांच्याही लहान लहान चुका होत्या.

खरोखरच माणसाने लावली तर?

कुणी म्हणेल, म्हणजे आग कधी कुणी लावतच नाही का? लावतात. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एकाच दिवशी अनेक ठिकाणी आगी लागल्या, १७३ माणसं मेली. त्यातली चर्चिल गावाजवळची आग एका माणसाने मुद्दाम लावली होती. तो पूर्वी स्वयंसेवक अग्निशामक होता. खटला चालला, पुरावा तपासला गेला, २०१२ मध्ये त्याला सतरा वर्षं नऊ महिन्यांची शिक्षा झाली. पण त्याच दिवशीची सर्वांत जास्त बळी घेणारी किलमोर ईस्टची आग विजेची जुनी तार तुटून लागली होती. राज्याने नेमलेल्या रॉयल कमिशनने दोन्ही आगी वेगवेगळ्या तपासल्या आणि शेवटी ६७ शिफारशी केल्या. सगळ्या आगी एका आग लाव्याच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. जुनी तार तशीच राहिली असती.

जबाब आणि हक्क

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांपाशी थोडा रेंगाळतो. मराठीतला जबाबदारी हा शब्द जबाबापासून आला. ज्याच्यापाशी जबाब आहे तो जबाबदार. आपण जाब विचारणे म्हणतो, तोही जाब तिथलाच. म्हणजे जबाबदार माणूस तो, ज्याला प्रश्न विचारता येतो आणि ज्याला उत्तर द्यावं लागतं. ह्यूबरने आरडाओरडा करून जबाब दिला, पण तो जबाबदार नव्हता. मेयर जबाबदार होता, त्याला जाब कुणी विचारला नाही.

तपासाला उर्दूत तहकीकात म्हणतात. त्याच्या मुळाशी हक आहे. अरबीत हक म्हणजे सत्यही आणि हक्कही. मराठीत आपण त्यातला हक्क तेवढा घेतला, सत्य तिकडेच राहिलं. तहकीक म्हणजे गोष्ट तिच्या हकपर्यंत नेणं. ज्यांचं घर जळालं, माणूस गेलं, त्यांचा पहिला हक्क भरपाईचा नसतो. काय झालं हे खरं खरं कळण्याचा असतो. भरपाई, शिक्षा, नवा कायदा हे सगळं त्यानंतर येतं आणि त्या सत्याएवढंच टिकतं.

आता आपल्या मेसेजकडे येतो. दुसरा मेसेज, कुणी लावली ते सांगायला नको वाला, त्याच्याशी वाद घालायला मला सोपं जातं. त्यात बोट माझ्याकडे आहे. पण पहिला मेसेज जास्त आपला आहे, म्हणून त्याच्याशी भांडणं माझं काम आहे. अजाब म्हणून मोकळं होणं म्हणजे लंडनच्या मंत्रिमंडळाचा निष्कर्ष आपल्या सहीने पुन्हा लिहिणं. त्यात झिजलेला आकडाही सुटतो आणि तो न पाहणारा साहेबही सुटतो. सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान करून पस्तावाल, अशी ताकीद आहे. उंट मोकळा सोडून तवक्कुलच्या गोष्टी करणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितलं, ती हदीसही आपण लहानपणापासून ऐकत आलो. टॉवर नंबर २७/२२२ चा उंट कुणी बांधला नव्हता. एवढी साधी गोष्ट आहे.

आपल्या भोवतीही असे आकडे कमी नाहीत. गच्चीवरून जाणारी तार, जिन्यात रचलेलं सामान, मीटरच्या पेटीतलं उघडं जोडकाम. ते रोज दिसतात आणि सांगू म्हणून राहून जातात. मोहल्ल्याच्या ग्रुपवर हे सगळं मी उर्दूत थोडक्यात लिहिलं. दोघांनी ग्रुप सोडला, एकाने मला खासगीत फोन करून बराच वेळ सुनावलं. पण चौथ्या दिवशी एका काकांनी आपल्या गल्लीतल्या लोंबकळणाऱ्या तारेचा फोटो टाकला आणि विचारलं, "मास्टरसाहेब, याची अर्जी मराठीत कशी लिहायची?"

ती अर्जी आम्ही दोघांनी बसून लिहिली. घड्याळाच्या वेळी मला जे सुचलं नव्हतं, ते या वेळी आधी केलं. तारीख घातली, सही घेतली आणि पोच घेतलेली प्रत फाइलला लावली. उद्या कुणी विचारलं की हे आधी कुणाला दिसलं होतं, तर उत्तर कागदावर असेल.